आधी कागदावर, मग कापडावर : वाकड्या कण्याच्या उपचाराची गोष्ट



मी बचत गटांची समन्वयक. एरवी या कार्यक्रमात मी तुमच्याशी बोलते ते हिशेबाच्या वहीबद्दल, बँकेच्या हप्त्याबद्दल, नाहीतर शिवणकामाच्या ऑर्डरीबद्दल. आज मात्र इतिहास सांगणार आहे. आपल्या पाठीच्या कण्याचा इतिहास. कणा वाकडा झाला तर तो सरळ करायला माणसाने दोन हजार वर्षांत काय काय केलं, आणि आज डॉक्टर ऑपरेशनच्या आधी कॉम्प्युटरवर कण्याची प्रतिकृती करून का बघतात, ते सांगते. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

चार वर्षांपूर्वी आमच्या गटाला शाळेच्या गणवेशाचं काम मिळालं. मी टेप घेऊन मापं घ्यायला शाळेत गेले. सातवीच्या वर्गात आमच्याच गटातल्या एका ताईंची लेक होती. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं वर लागत होता. मी म्हटलं, "नीट उभी राहा गं." ती म्हणाली, "मावशी, नीटच उभी आहे."

मग मी काय केलं? शिवणारी बाई जे करते तेच. डाव्या खांद्याला आतून जाड पट्टी लावली, उजवीकडे पाठीला थोडी ढील ठेवली. गणवेश असा बसला की कुणाच्या काही लक्षात आलं नाही. ताई खूश, मीही खूश.

दीड वर्षाने पोरीची पाठ एका बाजूला उचललेली दिसायला लागली. तेव्हा कुठे तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. एक्स-रे निघाला. कणा ५८ अंश वाकला होता. डॉक्टर म्हणाले, "बाक लहान होता तेव्हा आणली असती, तर पट्ट्यावर निभावलं असतं कदाचित. आता ऑपरेशनचा विचार करायला लागेल." ताई घरी येऊन रडल्या. शेजारणी म्हणाल्या, ग्रहणात तू काही चिरलं असशील. कुणी म्हणालं, लहानपणी तिच्या कमरेवर हंडे दिलेस. मी काहीच बोलले नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती पट्टी होती.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी ताईंना आणि मला कॉम्प्युटरपुढे बसवलं. पडद्यावर त्या पोरीचा कणा होता, एक एक मणका सुटा दिसणारा. डॉक्टर तो गोल फिरवून दाखवत होते. ताईंनी भीत भीत विचारलं, "डॉक्टरसाहेब, असं आधी कुणावर करून बघितलंय का?" डॉक्टर म्हणाले, "आधी या चित्रावर करून बघतो ना." मला लगेच आमचा शिवणवर्ग आठवला. आमच्या बाई म्हणायच्या, आधी कागदावर कापा, मग कापडावर. कागद फाटला तर दुसरा घेता येतो.

त्या दिवसापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले. त्यातलं आज तुम्हाला सांगते.

आपल्याकडे कुब्जेची गोष्ट कीर्तनात सगळ्यांनी ऐकलेली आहे. मथुरेची कुब्जा तीन ठिकाणी वाकलेली. कृष्णाने तिच्या पावलांवर पाय ठेवला, हनुवटीला दोन बोटं लावली आणि तिला वर उचललं. ती सरळ झाली. गोष्ट भक्तीची आहे. पण बघा, खाली दाबून धरायचं आणि वरून ताणायचं ही कल्पना माणसाच्या मनात किती जुनी आहे. पुढची दोन हजार वर्षं वैद्य आणि डॉक्टर हेच करत राहिले.

ग्रीस देशात इसवी सनापूर्वी सुमारे ४०० च्या काळात हिप्पोक्रेटिस नावाचा वैद्य होता. त्याच्या नावाने जे ग्रंथ आहेत त्यांत कण्याच्या बाकाचं वर्णन आहे. त्या काळी रोग्याला शिडीला बांधायचे आणि शिडी उंचावरून सरळ खाली सोडायचे. हिसक्याने कणा सरळ होईल अशी समजूत. गंमत म्हणजे त्याच ग्रंथात लिहिलं आहे की या शिडीने कुणी बरं झाल्याचं माहीत नाही, आणि गर्दीला थक्क करणाऱ्यांनाच ती आवडते. त्याची स्वतःची पद्धत म्हणजे फळीवर पालथं झोपवायचं, दोन्हीकडून ताणायचं आणि कुबडावर दाबायचं. त्यानंतर दुसऱ्या शतकात गॅलेन नावाचा वैद्य झाला. त्याने या बाजूला गेलेल्या बाकाला 'स्कोलिओसिस' हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वाकडा. डॉक्टर आजही तेच नाव वापरतात.

आता एका राजाची गोष्ट. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली लढाईत मेला. वय होतं ३२. पुढे शेक्सपिअरने नाटक लिहिलं, त्यात हा राजा कुबडा आणि दुष्ट. अंगाने वाकडा तो मनानेही वाकडा, असंच लोकांना वाटायला लागलं. मग २०१२ साली लेस्टर शहरात गाड्या उभ्या करायच्या जागेखाली त्याचा सांगाडा सापडला. शास्त्रज्ञांनी प्रत्येक मणक्याचं स्कॅनिंग केलं आणि कॉम्प्युटरवर कणा पुन्हा जोडला. बाक निघाला ७० ते ९० अंशांचा, बाजूला गेलेला आणि पिळलेला. तो जन्मतः नव्हता, वाढीच्या वयात आलेला होता. नाटकातल्यासारखं कुबड त्याला नव्हतंच, फक्त उजवा खांदा वर असणार. आणि त्या शास्त्रज्ञांनी असंही लिहिलं की चांगला शिंपी असेल तर हा बाक कपड्यात झाकता आला असता. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या शिंप्याची आणि माझी चूक एकच.

पुढे सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आंब्रोझ पारे हा सैन्याचा शल्यवैद्य होता. त्याने चिलखत बनवणाऱ्या कारागिरांकडून लोखंडी कवच करून घेतलं. वजन कमी व्हावं म्हणून त्याला भोकं पाडली. वाढत्या वयाच्या मुलांना ते दर तीन महिन्यांनी बदलायला हवं, असंही त्याने सांगितलं. म्हणजे मूल वाढतं आणि मापही वाढतं, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. १७४१ साली पॅरिसच्या निकोलस आंद्री यांनी आईबापांसाठी एक पुस्तक लिहिलं. त्यात वाकड्या रोपाला काठीचा आधार देऊन दोरीने बांधल्याचं चित्र आहे. हाडांच्या डॉक्टरांची ती आजही जगभरची खूण आहे. 'ऑर्थोपेडिक' हा शब्दही त्याच पुस्तकातून आला. त्याचा अर्थच 'सरळ' आणि 'मूल' या दोन शब्दांतून झालेला आहे.

एवढं सगळं झालं तरी कातडीच्या आत कणा नेमका कसा वाकला आहे, हे जिवंत माणसात कुणालाच दिसत नव्हतं. सगळा कारभार अंदाजाने. लंडनच्या विल्यम अॅडम्स या डॉक्टरांनी १८६५ साली एक सोपी युक्ती सांगितली. मुलीला पुढे वाकायला लावा आणि पाठीमागून बघा. कणा पिळलेला असेल तर एका बाजूच्या बरगड्या वर येतात. या युक्तीला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. ती कशी करायची ते शेवटी सांगते.

मग आला एक्स-रे. ८ नोव्हेंबर १८९५ ला जर्मनीत रोंटगेन यांना हे किरण सापडले. माणसाच्या शरीराचं जे पहिलं प्रसिद्ध चित्र त्यांनी काढलं, ते त्यांच्या बायकोच्या हाताचं, बोटातल्या अंगठीसकट. आता आतला कणा दिसायला लागला. पण दिसणं वेगळं आणि मोजणं वेगळं. हे डॉक्टर म्हणणार बाक मोठा आहे, ते म्हणणार फार नाही. अमेरिकेतले डॉक्टर जॉन कॉब यांनी १९४८ साली मोजायची रीत दिली. बाकाच्या वरच्या टोकाला सगळ्यात तिरका झालेला मणका घ्यायचा, खालच्या टोकाला तसाच एक घ्यायचा, दोन्हींवर रेघा मारायच्या आणि त्यांच्यातला कोन मोजायचा. दहा अंशांहून कमी असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणत नाहीत. वाढत्या मुलीचा बाक साधारण २५ ते ४० अंशांत असेल तर पट्टा देतात. ४५-५० च्या पुढे गेला तर ऑपरेशनचा विचार होतो. त्या पोरीचे ५८ अंश म्हणजे काय, ते आता तुमच्या ध्यानात येईल.

ऑपरेशनं त्याआधीच सुरू झाली होती. न्यूयॉर्कच्या डॉक्टर रसेल हिब्ज यांनी १९११ साली क्षयाने पोखरलेल्या कण्याचे मणके एकमेकांना जोडून टाकले. हाड जुळतं तसं मणके जुळले की कणा आणखी वाकत नाही. तीन वर्षांनी त्यांनी वाकड्या कण्यावर हेच केलं. पण मणके जुळेपर्यंत रोग्याला महिनोन् महिने प्लास्टरमध्ये झोपून राहावं लागे. आणि पुष्कळदा बाक परत येई.

मोठा बदल घडवला पोलिओने. अमेरिकेत १९४० आणि ५० च्या दशकांत पोलिओच्या साथी आल्या. टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात डॉक्टर पॉल हॅरिंग्टन यांच्याकडे अशी मुलं येत, ज्यांचे अंगातले स्नायू लुळे पडलेले आणि कणा कोसळत चाललेला. छातीवर प्लास्टर घातलं तर श्वास घेता येईना. मग त्यांनी पोलादी सळई आणि दोन आकडे तयार केले. एक आकडा बाकाच्या वर, एक खाली, आणि मध्ये सळई. आपण मोटारीचा जॅक लावतो तशी दाते दाते सरकवत ती ताणायची. १९६२ साली त्यांनी हे काम जगापुढे मांडलं आणि सगळीकडे ही सळई गेली. तिने हजारो मुलं सरळ झाली. पण एक खोट राहिली. आपला कणा बाजूने बघितला तर त्याला नैसर्गिक वळणं असतात, कमरेला आत आणि पाठीला बाहेर. सळईने ताणलं की ही वळणंही जात. पाठ फळीसारखी सपाट होई, आणि पुढे कित्येकांची कंबर दुखत राही.

असं का होतं, हे विचारायला आता इंजिनिअर पुढे आले. विमान बांधणाऱ्या इंजिनिअरांनी १९५० च्या दशकात एक हिशेब बसवला होता. एखादी अवघड आकाराची वस्तू घ्यायची आणि तिचे मनातल्या मनात लहान लहान तुकडे पाडायचे. एका तुकड्यावर जोर पडला तर शेजारचा किती सरकेल ते काढायचं, मग त्याच्या शेजारचा. आपली गोधडी डोळ्यांपुढे आणा. एक ठिगळ ओढलं की टाक्याटाक्याने सगळी गोधडी ओढली जाते. एवढी आकडेमोड माणसाच्या हातून व्हायची नाही, त्याला कॉम्प्युटर लागतो. शिकागोचे इंजिनिअर अल्बर्ट शुल्झ आणि त्यांच्या सोबत्यांनी मणका, त्यामधली गादी आणि त्यांना बांधणारे बंध हे सगळं १९७० च्या सुमाराला असं आकड्यांत बसवलं. १९७३ साली शुल्झ आणि स्वीडनचे हाडांचे डॉक्टर कार्ल हिर्श यांनी हॅरिंग्टनच्या सळईचाच हिशेब मांडला. सळई ताणली की वाकड्या कण्यावर जोर कुठे आणि किती पडतो, हे कुणाच्याही पाठीला हात न लावता बघता यायला लागलं.

१९७६ साली अमेरिकेतल्याच येल विद्यापीठात दोघांनी आणखी एक प्रश्न सोडवला. एक डॉक्टर ऑगस्टस व्हाइट आणि दुसरे मनोहर पंजाबी, आपल्या भारतात जन्मलेले इंजिनिअर. प्रश्न असा की वाकलेला कणा दोन टोकांनी ताणावा, की बाजूने दाबावा? त्यांचं उत्तर तुम्हाला कपडे वाळत घालायच्या दोरीवरून कळेल. दोरी फार लोंबत असेल तर टोक ओढलं की झोळ पटकन जातो. पण दोरी जवळजवळ सरळ असेल आणि थोडाच झोळ राहिला असेल, तर कितीही ओढा, तो जात नाही. तिथे आपण मधोमध बांबूचा टेकू देतो. कण्याचंही तसंच निघालं. बाक मोठा असेल तर ताणण्याने जास्त फरक पडतो, लहान असेल तर बाजूने दाबण्याने. दोन्हींचा जोर सारखा पडतो ती जागा साधारण ५३ अंशांची. लहान बाकाला कुशीत दाब देणारा पट्टा का चालतो, त्याचं कारण इथे आहे.

याच काळात डॉक्टरांना आणखी एक गोष्ट पटत गेली. एक्स-रे कागदावर सपाट दिसतो, पण कणा नुसता बाजूला जात नाही, पिळलाही जातो. धुतलेली साडी पिळताना ती कशी वळत जाते, तसा. १९८० च्या दशकात फ्रान्समधल्या इव्ह कोत्रेल आणि झाँ ड्यूबुसे या डॉक्टरांनी दोन सळया आणि पुष्कळ आकडे वापरून हा पीळ सोडवायची पद्धत आणली. त्यानंतर आकड्यांच्या जागी मणक्यात बसणारे स्क्रू आले. हातात साधनं वाढली तसे प्रश्नही वाढले. स्क्रू किती? कोणत्या मणक्यात? सळई आधी किती वाकवून घ्यायची? कुठून कुठपर्यंत मणके जोडायचे?

शेवटचा प्रश्न आपल्यासाठी फार मोठा आहे, बायांनो. जो मणका जोडला तो परत वाकत नाही. कमरेचे दोन मणके जास्त जोडले तर त्या मुलीला पुढे भाताच्या लावणीला वाकणं, अंगण झाडणं, जमिनीवर बसून भाकरी थापणं जड जाणार. कमी जोडले तर बाक परत वाढायची भीती.

इथे कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराची गोष्ट येते. तिथे सेंट-जस्टिन नावाचं मुलांचं रुग्णालय आहे. १९०७ साली ते बायकांनीच सुरू केलं. एक होत्या डॉक्टर इर्मा लव्हासर आणि दुसऱ्या जस्टिन लाकोस्त-बोबियँ. त्या काळी तिथल्या कायद्याने लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय करारावर सही करता येत नसे. म्हणून दुसऱ्याच वर्षी या बायकांनी खास कायदा करून घेतला आणि रुग्णालयाच्या कारभारात सहीचा हक्क मिळवला. गटाच्या कर्जावर पहिल्यांदा स्वतः सही करताना आपला हात कसा थरथरला होता, ते आठवा.

त्याच रुग्णालयात डॉक्टर ह्यूबर्ट लाबेल आणि इंजिनिअर कार्ल-एरिक ओबँ यांनी वर्षानुवर्षं एकत्र काम केलं. मुलीचे दोन एक्स-रे घ्यायचे, एक समोरून आणि एक बाजूने. त्या दोन सपाट चित्रांवरून कॉम्प्युटर उंची, रुंदी, खोली असलेला कणा उभा करतो. मग तिला उजवीकडे आणि डावीकडे वाकवून आणखी एक्स-रे घ्यायचे. कोणता सांधा किती लवचिक आणि कोणता ताठ, ते त्यावरून कळतं, आणि तो ताठपणा आकड्यांत घालायचा. आता हा कणा त्याच मुलीचा झाला, दुसऱ्या कुणाचा नाही. मग पडद्यावर स्क्रू बसवायचे, सळई घालायची, फिरवायची आणि शेवटी कणा कसा दिसेल ते बघायचं. आवडलं नाही तर पुसून परत. मुलीच्या पाठीवर ऑपरेशन एकदाच होणार, पडद्यावर मात्र दहा वेळा करता येतं.

या कामाची गरज किती होती ते त्यांच्याच एका पाहणीत दिसलं. त्यांनी पाच रुग्णांचे एक्स-रे आणि कागद ३२ अनुभवी सर्जनांना दिले आणि विचारलं, तुम्ही काय कराल? उत्तरं फार वेगवेगळी आली. कुणी थोडे मणके जोडणार, कुणी जास्त. कुणी कमी स्क्रू, कुणी कितीतरी. एकच ब्लाउज पाच शिंपिणींना दिला तर पाच तऱ्हेने बेततील, तसंच. सगळे हुशार होते, तरी एकमत नव्हतं. म्हणून आधी कागदावर कापून बघायचं.

पट्ट्याच्या बाबतीतही त्यांनी हेच केलं. दाब कुठे द्यायचा ते कॉम्प्युटरवर ठरवून पट्टा बनवला, तर तो पातळ आणि हलका होतो आणि कामही तेवढंच करतो. हे महत्त्वाचं आहे, कारण पट्टा घातला तरच उपयोगी. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल २०१३ साली आला. पट्टा दिलेल्या मुलामुलींपैकी ७२ टक्क्यांचा बाक ५० अंशांच्या आत राहिला. नुसतं लक्ष ठेवलं त्यांच्यात हे प्रमाण ४८ टक्के होतं. आणि दिवसाला सुमारे १३ तास किंवा जास्त पट्टा घालणाऱ्यांत ते ९० टक्क्यांच्या पुढे गेलं.

एक इशारा याच इतिहासात आहे. अमेरिकेत १९१२ ते १९६५ या काळात कण्याच्या बाकासाठी उपचार घेतलेल्या ५,५७३ मुली आणि बायकांची पुढे माहिती गोळा केली. त्यांचे सरासरी २५ एक्स-रे निघाले होते. त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाने ७७ मृत्यू झाले. तेवढ्याच इतर बायकांत ते सुमारे ४६ व्हायला हवे होते. तेव्हाची यंत्रं खूप किरणं सोडायची. आता कमी किरणांत उभ्याने पूर्ण कण्याचं चित्र घेणारी यंत्रं आली आहेत. त्यांच्यामागे फ्रान्सचे शास्त्रज्ञ जॉर्ज शार्पाक यांचा शोध आहे, ज्यांना १९९२ साली नोबेल मिळालं. म्हणून एक्स-रेला घाबरू नका, डॉक्टर सांगतील तेव्हा जरूर काढा. पण जुने एक्स-रे फेकू नका. दर वेळी फाईल बरोबर न्या, म्हणजे तोच एक्स-रे परत काढायला लागणार नाही.

कॉम्प्युटरची प्रतिकृती म्हणजे हमी नव्हे, हेही सांगते. त्यात हाडं आणि बंध बसवता येतात, पण स्नायूंची ओढ, मुलीची वाढ, तिचं मन हे सगळं आकड्यांत पुरतं येत नाही. कण्याच्या आत मज्जारज्जू असतो, त्याला धक्का लागला तर पाय जाऊ शकतात. म्हणून १९७३ साली फ्रान्सच्या डॉक्टरांनी एक पद्धत लिहिली. ऑपरेशन चालू असताना रोग्याला थोडं जागं करायचं आणि पाय हलवायला सांगायचं. आता मज्जातंतूंवर लक्ष ठेवणारी यंत्रं आहेत. शेवटी हात सर्जनचे आणि धीर त्या पोरीचा. आमच्या ताईंच्या लेकीला शुद्ध आल्यावर डॉक्टर पहिलं वाक्य हेच बोलले, "पायाची बोटं हलव." तिने हलवली, तेव्हा ताई खाली बसल्या.

आता आपल्या कामाचं बोलते. शंभर मुलांत दोन-तीन जणांना दहा अंशांच्या वरचा बाक असतो. बहुतेकांचा लहानच राहतो. पण जो मोठा होतो, तो मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी पट जास्त. वाढीचं वय, त्यातही पाळी सुरू होण्याआधीचं वर्ष-दोन वर्षं, यात तो झपाट्याने वाढतो. बहुतेक वेळा त्याचं नेमकं कारण सापडत नाही. दप्तराने होत नाही, हंड्याने होत नाही, ग्रहणाने तर नाहीच. आईची चूक नसते आणि पोरीचीही नसते.

म्हणून दहा ते पंधरा वर्षांच्या मुलींची पाठ सहा महिन्यांतून एकदा बघा. खोलीत, बाईनेच, मुलीला विचारून. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळवे जोडून तिला पुढे वाकायला सांगा. मागून बघा. एका बाजूच्या बरगड्या किंवा कंबर वर उचललेली दिसते का? उभी असताना एक खांदा वर, एका बाजूला कमरेची खाच जास्त, परकर एका बाजूला वर जातो, असं काही आहे का? असेल तर आशाताईंना सांगा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना दाखवा, आणि पुढे हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. पाठीत सतत दुखत असेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल किंवा पाठीवर मागे टोक आलं असेल, तर तो क्षय असू शकतो, मग एक दिवसही थांबू नका. रुग्णालयात योजनेबद्दल आरोग्यमित्राला विचारायला लाजू नका.

आणि एक विनंती. लग्न कसं जमेल म्हणून लपवू नका. लपवलेल्या दिवसांत बाक वाढतो.

ती पोरगी आता अकरावीत आहे. पाठीत दोन सळया आहेत, सायकलने कॉलेजला जाते. परवा तिच्या ड्रेसचं माप घेतलं. खांद्यात अजून अर्ध्या बोटाचा फरक आहे. मी टेप हातात धरून थांबले. ती म्हणाली, "मावशी, आता पट्टी नको. असू दे तसंच." मी तसाच शिवला.

शिवणाऱ्या मैत्रिणींनो, गावातल्या सगळ्या पोरींच्या पाठी आपल्या टेपखालून जातात. खांदा खाली-वर लागला तर कापड बेतायच्या आधी तिच्या आईला सांगा.